परवाना कीं खंडणी?

पुण्याच्या व्यापाऱ्यास समुद्र दिसत नाहीं. परंतु समुद्रावरील घडामोडींचा आंकडा त्याच्या खातेवहींत उमटल्यावांचून राहत नाहीं. चाकणच्या कारखान्यांतून निघालेलीं यंत्रें असोत, कीं नाशिक-तासगांवच्या मळ्यांतून निघालेलीं द्राक्षें असोत, युरोपच्या बाजारास जाणारा माल न्हावा-शेवा बंदरांत जहाजावर चढला म्हणजे त्याचा जवळचा मार्ग अरबी समुद्र, एडनचें आखात, तांबडा समुद्र व सुएझचा कालवा हाच होय. २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत येमेनमधील हूथी पक्षानें हिंदुस्थानाकडे येत असलेलें 'गॅलेक्सी लीडर' नांवाचें जहाज तांबड्या समुद्रांत पकडलें, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मोठमोठ्या जहाज-कंपन्यांनीं हा मार्ग टाकून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालण्यास आरंभ केला. त्या वळशानें दहा ते पंधरा दिवसांचा प्रवास वाढला, भाडें वाढलें, विम्याचा दर वाढला. थंड पेटींतील द्राक्षांचें आयुष्य तेवढें वाढलें नाहीं. कालव्याचें उत्पन्न २०२३ सालीं दहा अब्ज डॉलरांच्या वर होतें, तें २०२४ सालीं चार अब्जांच्या आसपास उतरलें. यावरून या अरुंद वाटेवर किती लोकांचें पोट अवलंबून आहे याची कल्पना वाचकांस येईल.

या झगड्याच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे व ती येथें पुन्हां करण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस आज एका निराळ्याच व दिसावयास क्षुल्लक अशा गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारींत या हूथी पक्षानें सना येथें 'मानवतावादी कार्य समन्वय केंद्र' अशा भारदस्त नांवाची एक कचेरी उघडली. या कचेरीनें जहाजमालकांस पत्रें लिहिण्यास सुरुवात केली. कोणत्या जहाजांस वाट बंद आहे हें त्यांस कळविलें, आणि ज्यांस निर्भयपणें जावयाचें असेल त्यांनीं आगाऊ अर्ज करावा अशी व्यवस्था ठेविली. ज्या पक्षास जगांतील बहुतेक राष्ट्रें सरकार म्हणून ओळखीत नाहींत, त्याच्यापाशींही आतां कचेरी आहे, कारकून आहेत व अर्जाचा नमुना आहे!

म्हणजे न्हावा-शेव्याहून निघालेल्या जहाजास एकाच वाटेवर दोन चौक्या लागतात. पहिली बाब-एल-मंदेबच्या सामुद्रधुनीपाशीं या कचेरीची, आणि दुसरी सुएझच्या तोंडाशीं इजिप्त सरकारच्या कालवा-मंडळाची. कालवा-मंडळही कागद मागतेंच, व ते थोडे मागत नाहीं. जहाज कोणत्या राष्ट्राचें हें सांगणारा नोंदणीचा दाखला पाहिजे. कालव्याच्या खास रीतीनें काढलेल्या टनभाराचा दाखला पाहिजे. खलाश्यांची यादी पाहिजे. स्फोटक, ज्वालाग्राही वा विषारी माल असेल तर त्याचें निवेदन पाहिजे. यंत्रें व सुकाणू धड स्थितींत असल्याची कप्तानाची ग्वाही पाहिजे. जहाजाच्या अंतर्भागाचे नकाशे पाहिजेत. आणि आगाऊ सूचना व शुल्काची तजवीज झाल्यावांचून तांड्यांत जागा मिळावयाची नाहीं. वरवर पाहतां दोन्ही चौक्यांचे प्रश्न सारखेच आहेत: जहाज कोणाचें, माल कोणता, जाणार कोठें? मग एका चौकीस आपण कायदा म्हणतों व दुसरीस जुलूम म्हणतों, तें कोणत्या आधारावर? केवळ एकीच्या छपरावर मान्य झालेलें निशाण आहे व दुसरीच्या नाहीं, एवढ्यावरच जर हा भेद असेल तर तो फार दुबळा आहे. कारण मान्य झालेल्या निशाणाखालींही जगांत पुष्कळ लुटालूट झालेली आहे.

याचा पुरावा शोधण्यास दूर जाणें नको. आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पुरेसा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांत 'कार्ताज' नांवाच्या परवान्याची पद्धत सुरू केली. या कागदावर जहाजाचें व नाखव्याचें नांव, जहाजाचा आकार, त्यावरील हत्यारें, माल आणि मुक्कामाचें बंदर हीं सर्व लिहिलेलीं असत. कागदाची फी थोडीच असे. खरी मेख पुढेंच होती. कार्ताज घेणाऱ्या जहाजानें पोर्तुगीजांच्या ठाण्यास लागून तेथें जकात भरावी, आणि मिरीसारखा जो माल पोर्तुगालच्या राजानें स्वतःसाठीं राखून ठेविला होता तो भरूं नये, अशी अट होती. कार्ताज नसलेलें जहाज सांपडलें तर तें जप्त होई किंवा लुटलें जाई. ज्या संकटापासून या कागदानें रक्षण करावयाचें, तें संकट उत्पन्न करणारा मनुष्य व कागदावर शिक्का मारणारा मनुष्य हे दोघे एकच होते!

बरें, कागद घेतल्यावर तरी रक्षण होई काय? १६१३ सालीं सुरतेजवळ पोर्तुगीजांनीं 'रहीमी' नांवाचें प्रचंड जहाज पकडून नेलें. हें जहाज कोणा अनाथ व्यापाऱ्याचें नव्हतें. तें प्रत्यक्ष जहांगीर बादशहाच्या मातोश्रींच्या मालकीचें होतें, आणि त्याच्याजवळ पोर्तुगीजांचा स्वतःचा कार्ताज होता. बादशहा संतापला व त्यानें पोर्तुगीजांविरुद्ध कठोर उपाय योजिले, ही गोष्ट निराळी. बादशहाच्या मातेच्या हातांतील परवान्याची जर ही किंमत, तर चौल-दाभोळच्या वाण्याच्या परवान्याची किंमत काय असेल हें सांगावयास नकोच. ज्या कागदावर घेणाऱ्याचीं कर्तव्यें लिहिलेलीं असतात, पण देणाऱ्याचें कर्तव्य कोणत्याही न्यायासनापुढें बजावून घेतां येत नाहीं, त्यास कायद्याच्या भाषेंत परवाना म्हणतां येणार नाहीं. ती खंडणीची पावती होय.

पुढें कान्होजी आंग्रे सरखेलांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर आपला दस्तक सुरू केला, तेव्हां काय झालें तें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक आहे. मुंबईकर इंग्रज स्वतः देशी जहाजांस आपले पास देत; पण आंग्र्यांचा दस्तक घेण्याची वेळ येतांच त्यांस तो दरोडा वाटूं लागला. १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर आणि १७२१ सालीं पोर्तुगीजांस हातीं धरून कुलाब्यावर त्यांनीं स्वाऱ्या केल्या, व तिन्ही फसल्या. ज्या लेखणीनें कार्ताजास 'पद्धत' म्हटलें तिनेंच दस्तकास 'चांचेगिरी' म्हटलें, आणि आपल्या शाळांतून कित्येक वर्षें तेंच पढविलें गेलें. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते. स्वतःच्या किनाऱ्यावर कर घेण्याचा त्यांचा अधिकार लिस्बनहून वा लंडनहून आलेल्यांच्या अधिकाराहून खचित अधिक होता. तथापि स्वाभिमानाच्या भरांत सत्य झांकणें आम्हांस पसंत नाहीं. दस्तकाचे दर सर्वांस सारखे लावण्याची हमी कोठें होती? अन्याय झाला तर व्यापाऱ्यानें दाद कोणाकडे मागावी? या प्रश्नांचें उत्तर त्या काळीं कोणत्याच दरबारापाशीं नव्हतें, व आमच्याही नव्हतें. आपल्या माणसानें मारलेला शिक्का तेवढ्यानेंच न्यायाचा होत नाहीं, हें स्वराज्यांतील नागरिकांनीं अधिकच लक्षांत ठेविलें पाहिजे.

आतां कालव्याकडे वळूं. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई व लंडन यांमधील सागरी अंतर सुमारें दोनपंचमांशानें कमी झालें. मुंबई बंदराच्या उत्कर्षास या गोष्टीचें मोठें साह्य झालें. परंतु कालवा उघडून तीन वर्षें होतात न होतात तोंच पहिला मोठा तंटा उपस्थित झाला, व तो कागदाचाच होता. शुल्क टनभारावर घ्यावयाचें हें ठरलेलें होतें. पण टन म्हणजे काय? यंत्रांची व खलाश्यांच्या निवासाची जागा वजा करावयाची कीं नाहीं? १८७२ सालीं कालव्याच्या कंपनीनें आपल्या सोयीची व्याख्या लावून शुल्क चढविलें, जहाजमालकांनीं ओरड केली, आणि अखेर १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींचें मंडळ बसून मापनाचे नियम ठरले. कंपनीचे सूत्रधार लेसेप्स यांनीं १८७४ सालीं कालवा बंद करण्याची धमकी देऊन पाहिली. पण इजिप्तच्या खेदिवानें सैन्य धाडण्याची तयारी करतांच त्यांस नमावें लागलें. आजही जहाजाजवळ सर्वमान्य आंतरराष्ट्रीय टनभाराचा दाखला असला तरी सुएझसाठीं निराळा दाखला लागतो, तो या १८७३ सालच्या नियमांचाच वारस होय. या दाखल्याचा कंटाळा करणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तो जहाजास जसा बांधतो तसाच कालव्याच्या मालकासही बांधतो. मालकास वाटेल तो टन धरतां येत नाहीं, हाच त्या कागदाचा खरा अर्थ आहे.

दुसरें पाऊल २९ ऑक्टोबर १८८८ च्या कराराचें. युद्ध असो वा शांतता असो, कोणत्याही निशाणाच्या जहाजास कालवा खुला राहील असें त्यांत लिहिलें गेलें. हें वचन अक्षरशः पाळलें गेलें असें कोणी सांगेल तर तें खोटें होय. दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनीं शत्रूच्या जहाजांस वाट मिळूं दिली नाहीं. पुढें इजिप्तनें इस्रायलच्या जहाजांस अडविलें, व १९५१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें तो निर्बंध उठविण्यास सांगितलें तरी तो चालूच राहिला. तरीही लिहिलेल्या वचनाचा एक उपयोग असतोच. तें मोडणारास निदान उत्तर द्यावें लागतें. २६ जुलै १९५६ रोजीं नासर यांनीं कालव्याचें राष्ट्रीयीकरण केलें तेव्हां युरोपांत एकच हाकाटी झाली कीं, इजिप्शियन कारकुनाच्या हातीं हा कारभार गेला म्हणजे व्यापार बुडालाच. परदेशी वाटाडे सप्टेंबरांत काम सोडून गेले. तरी कालवा चालूच राहिला. तो बंद पडला तो पुढें इंग्रज, फ्रेंच व इस्रायली सैन्यांनीं हल्ला केल्यावर. हिंदुस्थानच्या वतीनें कृष्ण मेनन यांनीं लंडनच्या परिषदेंत इजिप्तचें स्वामित्व मान्य करूनच तोड काढावी असा आग्रह धरिला होता, तो योग्यच होता.

परंतु आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. २४ एप्रिल १९५७ रोजीं इजिप्त सरकारनें एक जाहीरनामा काढून तो संयुक्त राष्ट्रांकडे नोंदविला. त्यांत १८८८ चा करार आपण पाळूं, शुल्काचा दर बारा महिन्यांत शेंकडा एकाहून अधिक वाढवावयाचा झाल्यास वाटाघाटीनें व त्या फसल्यास लवादानें ठरवूं, आणि कराराच्या अर्थाविषयीं वाद झाल्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मानूं, असें त्या सरकारनें स्वतः होऊन लिहून दिलें. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, नुकत्याच मार खाल्लेल्या राष्ट्रानें विजयाच्या घडीस आपल्याच हातांस बंधन घालून घेतलें. आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर येथें आहे. कागद मागणारा किती बलवान आहे यावरून कायदा व जुलूम यांचा भेद ठरत नाहीं. कागद मागतांना तो स्वतःस किती बांधून घेतो, यावरून ठरतो.

ही कसोटी चार प्रश्नांत मांडतां येईल. नियम व दर आधीं जाहीर झालेले आहेत काय? ते सर्वांस सारखे आहेत काय? अधिकाऱ्याची चूक झाल्यास दाद मागण्यास त्याच्याहून निराळें ठिकाण आहे काय? आणि परवाना मिळाल्यावर तो देणाऱ्यानें पाळलाच पाहिजे अशी सोय आहे काय? सनाच्या कचेरीस हे प्रश्न लावून पाहा. चौथ्यापर्यंत जाण्याची गरजच पडत नाहीं. तो कार्ताजच होय, फक्त चर्मपत्राच्या जागीं विद्युत्पत्र आलें आहे. पण हीच कसोटी थोरामोठ्यांसही लावली पाहिजे. २०२५ सालच्या एप्रिलांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं पनामा व सुएझ या दोन्ही कालव्यांतून अमेरिकन जहाजांस, लढाऊ तशींच व्यापारी, फुकट जाऊं द्यावें अशी जाहीर मागणी केली. दुबळा दांडगाई करतो तेव्हां आपण त्यास चांचा म्हणतों. बलवान दुसऱ्या कसोटीवर उघड घाव घालतो तेव्हां त्यास मुत्सद्दी म्हणावयाचें काय?

कागद न्याय्य असला म्हणजे सर्व मनुष्यांस न्याय मिळतोच असें मात्र नव्हे. २३ मार्च २०२१ रोजीं 'एव्हर गिव्हन' हें चारशें मीटर लांबीचें जहाज कालव्यांत आडवें अडकलें व सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. जहाजाचे मालक जपानी, निशाण पनामाचें, चालविणारी कंपनी तैवानची, व्यवस्था जर्मन कंपनीची; आणि त्यावरील पंचवीसच्या पंचवीस खलाशी हिंदी. जहाज सुटल्यावर कालवा-मंडळानें प्रथम ९१ कोटी ६० लाख डॉलरांची मागणी केली, ती पुढें ५५ कोटींवर आणिली, व न्यायालयाच्या हुकुमानें जहाज अडकवून ठेविलें. तडजोड होऊन ७ जुलै रोजीं जहाज निघालें. तोंवर सुमारें शंभर दिवस त्यांपैकीं बहुतेक खलाशी जहाजावरच होते. न्यायालय होतें, वकील होते, विमा होता. मालक आपल्या घरीं होते. कागदांच्या त्या ढिगांत खलाश्यांचीं नांवें होतीं तीं फक्त यादींत. ज्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या लोक जहाजावर जात आले आहेत, त्यानें तरी ही यादी मनुष्यांची आहे हें विसरूं नये.

आतां घरांत पाहूं; कारण दुसऱ्यास कसोटी लावणारानें ती स्वतःसही लाविली पाहिजे. कांहीं व्यापारी बंधु आम्हांस म्हणतील, 'महाराज, आम्हांस कागद नकोतच. जितके कमी तितके बरे.' या म्हणण्याशीं आम्ही सहमत नाहीं. १८५६ सालचा हिंदी भरतीपत्राचा कायदा अवघ्या तीन कलमांचा होता. २०२५ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेईपर्यंत तो एकशें एकोणसत्तर वर्षें चालला. इतका टिकला याचें कारण, भरतीपत्रावर सही करणाऱ्या कप्तानास 'माल चढलाच नव्हता' असें प्रामाणिक धनकोपुढें सामान्यतः म्हणतां येऊं नये, अशी त्यांत सोय होती. कागद देणाराच कागदानें बांधला गेला, म्हणून कागदास पैशाची किंमत आली व पेढीवाले त्यावर कर्ज देऊं लागले. द्राक्षांचेंही तसेंच. युरोपच्या बाजारानें औषधांच्या अंशाबद्दल आपला माल अडविला, तेव्हांपासून प्रत्येक पेटीचा मळ्यापर्यंत माग लागावा अशी 'ग्रेपनेट'ची नोंद अपेडानें लाविली. बागाईतदारास ती प्रथम जाचक वाटली. पण २०१० सालीं क्लोरमेक्वाटच्या अंशावरून पुन्हां माल अडला तेव्हां कोणत्या मळ्यांत काय फवारलें हें सांगण्याचें साधन आपल्यापाशीं होतें. कागद रक्षण करतो तो असा.

आणि खोटें निवेदन करणारा व्यापारी कोणाचा शत्रु आहे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. ९ जून २०२५ रोजीं कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे येणाऱ्या 'वान हाय ५०३' या जहाजावर केरळच्या किनाऱ्यापासून दूर आग लागली. शंभराहून अधिक पेट्यांत धोकादायक माल होता, व चार खलाशी बेपत्ता झाले. अशा वेळीं आग विझविणारा मनुष्य पेट्या फोडून पाहूं शकत नाहीं. यादींत काय लिहिलें आहे यावरच तो पाणी मारावयाचें कीं दूर राहावयाचें हें ठरवितो. चार रुपये भाडें वाचविण्यासाठीं मालाचें नांव बदलून लिहिणारा व्यापारी दुसऱ्याच्या प्राणांवर तें चार रुपये मिळवीत असतो.

आतां आपल्या सरकारकडे येऊं. ५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली, व सोलापूरच्या वालचंद हिराचंदांसारख्यांनीं परकीय मक्त्याशीं झुंज आरंभिली. आपल्याच किनाऱ्यावरील वाहतूक आपल्या जहाजांसाठीं राखावी म्हणून हाजी यांनीं १९२८ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत बिल आणिलें, तें परकी अमदानींत तडीस गेलें नाहीं. स्वराज्यांत १९५८ च्या कायद्यानें तें तत्त्व पत्करलें, पण त्याबरोबर देशी जहाजासही परवान्याची अट लाविली. म्हणजे स्वतःच्या अंगणांत फिरण्यास स्वतःच परवाना मागावयाचा! २०२५ च्या किनारी नौवहन कायद्यानें देशी जहाजांवरील ही अट काढली व परदेशी जहाजांस मात्र नौवहन महासंचालकांचा परवाना आवश्यक ठेविला. ही सुधारणा आम्हांस मान्य आहे व तिचें आम्ही अभिनंदन करतों. पण परवाना देतांना कोणत्या गोष्टी पाहावयाच्या हें ठरविण्यांत अधिकाऱ्यास मोठा अवकाश राहतो. आणि जेथें अवकाश मोठा तेथें ओळखीपाळखीचा मार्गही रुंद असतो, हा आपल्या देशांतील प्रत्येक कचेरीचा अनुभव आहे. कायदा उदार असून नियम कृपण असले तर व्यापाऱ्यास नियमच भेटतात.

याच्या उलट दुसरा दोष आहे व तो अधिक भयंकर आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे जाणारी 'रामदास' बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. नक्की किती, याविषयीं आजही एकवाक्यता नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली व पंधरा माणसें गेलीं. धडकेचा दोष त्या बोटीकडे नव्हता; परंतु तिच्यावर परवान्यांतील संख्येहून अधिक उतारू होते, हें मागाहून उघड झालें. परवाना होता, त्यावर आंकडा होता, शिक्काही होता. धक्क्यावर उभें राहून माणसें मोजणारा मनुष्य तेवढा नव्हता. जो कागद निघतांना तपासला जात नाहीं व अपघातानंतर वाचला जातो, तो रक्षणासाठीं नसून दप्तरासाठीं आहे असेंच म्हणावें लागतें.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बंदरें व जहाजें यांसंबंधीं जो परवाना सरकार मागेल, त्याचा दर व त्याची मुदत आधीं छापून जाहीर व्हावी. ठरलेल्या मुदतींत होय किंवा नाहीं यांपैकीं एक उत्तर लेखी मिळावें, व नाहीं म्हटल्यास कारण द्यावें. त्यावर अपील त्याच कचेरीच्या वरच्या मजल्यावर न चालतां स्वतंत्र न्यायाधिकाऱ्यापुढें चालावें. एकच माहिती चार कचेऱ्यांनीं चार नमुन्यांत मागूं नये. कोंकणच्या नाखव्यास व उतारूस लागू असणारे नियम मराठींत असावेत, आणि बोटीवर किती माणसें घेण्याची परवानगी आहे तो आंकडा कचेरींतील फाइलीप्रमाणेंच बोटीच्या अंगावरही ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, म्हणजे चढणारा प्रत्येक मनुष्य स्वतःच तपासनीस होईल. यांपैकीं कोणतीही गोष्ट खर्चाची नाहीं. इजिप्तनें १९५७ सालीं परक्या जहाजांसाठीं जें लिहून दिलें, तेवढें आपल्या सरकारनें आपल्या प्रजाजनांसाठीं लिहून द्यावें, याहून अधिक आम्ही मागत नाहीं.

व्यापारी मंडळींसही एक विनंती आहे. नियमांचे मसुदे हरकती मागविण्यासाठीं प्रसिद्ध होतात तेव्हां ते वाचण्यास कोणास सवड नसते. नियम लागू झाल्यावर मात्र दलालाकडे जाऊन वाट काढण्यास सर्वांस सवड सांपडते. दलालास दिलेला प्रत्येक रुपया हा त्या आळसाचा दंड आहे. पुण्याच्या व्यापारी संस्थांनीं एखादा कायदा जाणणारा मनुष्य या कामीं नेमावा, मसुदा निघतांच त्याची मराठी टांचणें सभासदांस द्यावीं, आणि वरील चार प्रश्न प्रत्येक नियमास विचारून हरकती मुदतींत पाठवाव्या. सनाच्या कचेरीपुढें आपलें कांहीं चालत नाहीं. मुंबईच्या व दिल्लीच्या कचेरीपुढें चालूं शकतें. तेथेंही आपण गप्प बसलों, तर उद्यां आपल्या हातीं पडलेल्या कागदास परवाना म्हणावें कीं खंडणीची पावती, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण आपल्याच हातांनीं सोडला असें होईल.